विमान कुठवर आलं

पोंभुर्णा, जि. चंद्रपूर
रविवार, २ मार्च २०२५

चि. नंदिनी,

सप्रेम जयभीम. तू आणि जावई प्रफुल दोघंही खुशाल असाल, असं धरूनच लिहायला बसलो आहे.

बापाचं पत्र पाहून तुला नवल वाटेल. हल्ली पत्र कोण लिहितं? ज्योत्स्ना या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकणार आहे, म्हणजे पोस्टमनचीही गरज उरली नाही. ती म्हणाली, "काकाजी, फोनवरच बोलून टाका ना, दोन मिनिटाचं काम हाये." तिला काय सांगू? मी फोन कानाला लावला की जे बोलायचं ते घशातच राहतं आणि तोंडातून भलतंच निघतं. पाऊसपाणी विचारतो, नाहीतर चौथीच्या पुस्तकातली एखादी कविता म्हणून दाखवतो. कागद बरा. कागद मध्येच "हॅलो, हॅलो" करत नाही.

इकडे पळस पेटला आहे. पोंभुर्ण्याहून मूल गावाकडे जाताना दोन्ही बाजूंनी नुसता केशरी रंग. यंदा लाखोरी चांगली आली. शेजारच्या गुणाबाईच्या बांधीतली काढून झाली, खळ्यावर पडली आहे. लटारू रोज संध्याकाळी येतो, ओट्यावर बसतो आणि मला टोमणे मारून जातो. राजदीपनं नवी मोटारसायकल घेतली. माझ्या पुतण्याला गाडी चालवता येते याचं त्याच्या बायकोलाच, ज्योत्स्नालाच, जास्त नवल आहे.

तुझी आई बरी आहे. थोडा अशक्तपणा आहे, वयच झालं. ज्योत्स्ना दोन्ही वेळा येऊन करून जाते.

आता एक विचारायचं होतं. सहजच. तुमच्या बेंगळुरूच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत हवाई अंतर नेमकं किती? आणि विमानाला वेळ किती लागतो? मी आपल्या जुन्या शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून मोजलं, पण दोरा सैल पडतो आणि माझा हातही हलतो. नकाशात दोरा जवळजवळ सरळ उत्तरेकडे येतो. वाटेत पेन्ना लागते, मग तुंगभद्रा, कृष्णा, पुढे गोदावरी, पैनगंगा आणि मग आपली वर्धा. हे बरोबर आहे का? वरून नद्या ओळखू येतात का? कोणत्या बाजूच्या खिडकीतून? मध्ये कुठे थांबतं का? (नसेल थांबत. तरी लिही.)

एक गंमत पाहा. आपल्या सगळ्या नद्या खाली दक्षिणेकडे निघाल्या आहेत. वर्धा पैनगंगेला घेते, वैनगंगा येऊन मिळते, तिघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत जाते. विमान मात्र त्यांच्या उलट, वर चढत येतं. पोरांना नद्या पाठ होत नव्हत्या म्हणून मी एक कवन केलं होतं. तुलाही तेच म्हणायला लावलं होतं:

वर्धा आली वळणावळणानं, पैनगंगा भेटली तिला,
दोघी निघाल्या हात धरूनी, वैनगंगा म्हणे, न्या ना मला.

छंदात बसत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चाळीस पोरं एका सुरात म्हणायची तेव्हा छत हलायचं.

शाळेची सहल नागपूरला नेली होती, ते वर्ष आठवतं का? सोनेगाव विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला सगळी पोरं चिकटून उभी. विमान उतरलं तेव्हा निम्मी पोरं खाली बसली, डोक्यावर पडेल म्हणून. तू उभी होतीस. तू मला विचारलंस, "बाबा, यात बसल्यावर खाली आपलं घर दिसते का?" मी म्हटलं, दिसते. मी कुठे बसलो होतो? पण मास्तरला "माहीत नाही" म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

दोन वर्षांपूर्वी अंगणात आपलं जे बोलणं झालं, त्यावर लिहायला हे पत्र काढलेलं नाही. तू आम्हा दोघांना बेंगळुरूला न्यायला आली होतीस. आईचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते. मी नको म्हणालो, तिच्याही वतीनं मीच नको म्हणालो. तू बॅग उचलताना म्हणालीस, "मग मला बोलवायचं असन तेव्हाच फोन करा, बाबा. जेवली का म्हणून विचारायले करू नका." मी शब्द पाळला. तूही पाळलास. आपण दोघंही एकाच हट्टाचे, असं तुझी आई म्हणते.

उत्तर ज्योत्स्नाच्या मोबाईलवर टाक. घाई नाही. म्हणजे, फार उशीरही नको.

तुझा बाबा

*

पोंभुर्णा
रविवार, ९ मार्च २०२५

चि. नंदिनी,

जयभीम. तुझं उत्तर त्याच दिवशी आलं होतं. ज्योत्स्नानं वाचून दाखवलं आणि मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं. "अंदाजे ८९० किमी. पावणेदोन तास. थांबत नाही. नद्यांचं माहीत नाही, मी खिडकीत बसत नाही. आई बरी आहे ना?"

पहिल्या सगळ्या वाक्यांचा मी उपयोग केला. शेवटच्याला उत्तर दिलं नाही. तू ज्योत्स्नालाही विचारलंस, आणि तिनंही दिलं नाही, कारण मी तिला नाही म्हटलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चहाची कपबशी आदळून ठेवायची.

आई बरी नाही, नंदिनी.

फेब्रुवारीत तिला चंद्रपूरला भरती केलं होतं. दोन्ही किडन्या थकल्या आहेत, हृदयावर पाणी येतं. डॉक्टर तरुण होता, तुझ्याच वयाचा. मला बाजूला घेऊन त्यानं नीट समजावून सांगितलं. मशीनवर ठेवता येईल, पण हृदय ते झेपणार नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "घरी न्या." तो म्हणाला, "न्या बाबा, सेवा करा." आम्ही आणलं. पडवीत खाट टाकली आहे, दारातून अंगण दिसतं, चिंच दिसते.

हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही. ते का, हे तुला माहीत आहे आणि मलाही. त्यावर कागद घालवत नाही. मला आज दुसरं सांगायचं आहे, आणि ते ऐकून तू हसशील की चिडशील, मला अंदाज नाही.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुझी आई सकाळपासून घोकत होती, "नंदी नाई आली का? नंदी कुठी हाये?" मी गप्प. मी गप्प राहिलो की तिचा श्वास आणखी चढतो. तेवढ्यात गुणाबाई भाजी निवडायला आली. तिनं एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि मग ठोकून दिलं, "बसली वो बाई तुमची पोरगी इमानात! आता येतेच पाहा. काऊन जीवाले खाऊन राह्यल्या?"

आई एकदम शांत झाली. किती दिवसांनी तिचा श्वास जागेवर आला. गुणाबाई भाजी घेऊन निघून गेली आणि ते विमान माझ्या गळ्यात टाकून गेली.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "मास्तर, इमान आता कुठी आलं असन?"

अख्खं गाव मला मास्तर म्हणतं आणि तीही म्हणते, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. मास्तर म्हटलं की मला उत्तर द्यावंच लागतं. मी म्हटलं, "आत्ताच उडालं. पेन्ना नदी येईल आता."

"मोठी हाये?"

"पेन्ना होय. आपल्या अंधारीपेक्षा मोठी, वैनगंगेपेक्षा लहान."

मग मी तिला पेन्ना सांगितली. कुठल्या डोंगरात उगम पावते, काठाला काय पिकतं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, उरलेलं रचलं. ती ऐकता ऐकता झोपली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पुन्हा तेच, "कुठी आलं?" आता काय करू? तुझं विमान पावणेदोन तासांचं. ते तर आदल्या दिवशीच उतरून, तू घरी येऊन, जेवूनसुद्धा झाली असतीस. मी म्हटलं, "ढग आहेत. थांबलं आहे."

तिला ते पटलं. तुझी आई कधी विमानात बसली नाही. तिचा प्रवास म्हणजे आपली लाल गाडी. ती मूलला थांबते, ड्रायव्हर चहा पितो, कुणाची कोंबडी चढते, कुणाचं पोरगं उतरून लघवीला जातं. विमान तरी वेगळं काय असणार? तिनं विचारलं, "च्या प्यायले थांबत असन ना?" मी म्हटलं, "हो, कर्नूलला."

अशी मी एकेका दिवसाला एकेक नदी पुरवली. तुंगभद्रेला दोन दिवस काढले, कारण तिच्याबद्दल मला जास्त सांगता येत होतं. कृष्णेला तिनं हात जोडले. हैदराबादला मी विमानाला एक अख्खा दिवस उभं ठेवलं, तेल भरायला. परवा लटारू ओट्यावरून ऐकत होता. मला खुणेनं बाहेर बोलावून म्हणाला, "मास्तर, तुमचं इमान हाये का रेंगी? माहा बैल बी येवढ्यात बेंगलोर दोनदा करून आला असता." मी म्हटलं, "लटारूभाऊ, हळू बोल." तो म्हणाला, "हळूच बोलून राह्यलो. पन उतरवान कसं, त्याचा बी इचार करून ठेवा."

बरोबर बोलला. काल मी गोदावरीवर पोचलो. गोदावरीनंतर पैनगंगा, मग वर्धा, मग नागपूर. माझ्याजवळ नद्या संपत आल्या. म्हणून मी तुला लिहिणार होतो की आणखी एखादी बारकी नदी, एखादा तलाव, धरण, काही असेल तर कळव. खरंच तसं पत्र मी मनात जुळवून ठेवलं होतं. इतका मी वाहवत गेलो होतो. खोटं सांगता सांगता मला त्या विमानाची ओढ लागली होती, पोरी. दुपारी खाटेजवळ स्टूल घेऊन बसायचो तेव्हा मला ते खरोखर दिसायचं. खाली पिवळी शेतं, पाण्याची रेघ, आणि आत कुठेतरी तू.

आज सकाळी ज्योत्स्नानं आईचं तोंड धुतलं, वेणी घातली. मी स्टूल सरकवलं आणि सुरू केलं, "तर काल आपण गोदावरीवर..."

आई म्हणाली, "मास्तर, आता उतरवा ते इमान."

मी चष्मा काढला.

"तेल सरलं असन त्याचं," ती म्हणाली. "पोरगी येऊन राह्यली म्हणता, अन् घरात लाखोरीची डाळ भिजली नाई. वडे कशाचे करनार होते तिले? मी काय पागल आहो? पहिल्याच दिवशी समजलं मले."

ज्योत्स्नाच्या हातातला कंगवा तसाच राहिला. मी म्हटलं, "मग रोज विचारत काऊन होतीस?"

"तुमी सांगत होते म्हणून. इतक्या वरसात माह्याजवळ असे बसलेच कवा तुमी? शाळेतल्या पोरायले ओट्यावर बसवून सांगत. मी चुलीपाशी बसून आयकत होतो."

एवढ्या कविता पाठ असून एक ओळ आली नाही.

मग तिनं माझं मनगट धरलं. बोटं इतकी हलकी झाली आहेत तिची. म्हणाली, "तिले बलावा. गुणाबाईच्या तोंडानं नको, ज्योत्स्नाच्या नको. तुमच्या तोंडानं. ती तुमच्याच बोलावन्याची वाट पाहून राह्यली. मले ठाऊक हाये, दोघायलेही मीच ओळखतो."

म्हणून लिहितो. नंदिनी, तू ये. तुझ्या आईला तुला पाहायचं आहे, आणि मलाही. मी बोलवत आहे. जितक्या लवकर तिकीट मिळेल तितक्या लवकर ये.

डाळ भिजत घातली आहे.

बाबा

*

पोंभुर्णा
मंगळवार, ११ मार्च २०२५, दुपार

माझी नंदिनी,

हे पत्र तुला गाडीत मिळेल. राजदीपनं चंद्रपूरहून बिरजूला गाडी घेऊन नागपूरला पाठवलं आहे. तो आपल्यातला आहे, विमानतळाच्या दारासमोर उभा असेल. तू गाडीत बसलीस असा त्याचा फोन आला की ज्योत्स्ना हे कागद पाठवेल. तोवर पाठवू नकोस, असं मी तिला सांगितलं आहे. बिरजूला सर्व माहीत आहे. वाटेत गाडी थांबव म्हटलंस तर तो थांबवेल आणि तुला काही विचारणार नाही.

आई गेली, बाळा.

तू विमानात असताना गेली. विमान उडायलाच तासभर उशीर झाला, असं ज्योत्स्नाच्या मोबाईलवर दिसतं; अजून तू वरच आहेस. मी लिहितो आहे आणि तू वर आहेस, आणि तुला माहीत नाही. घड्याळाकडे पाहवत नाही, तरी पाहतो आहे.

इथे आत्ता थोडी बोलाचाली झाली. राजदीप म्हणाला, "काकाजी, रस्त्यावरच्या माणसाले असं नाई सांगत. सीरियस हाये म्हणा, लवकर ये म्हणा. घरी आल्यावर समजनच तिले." तो वाईट बोलत नाही. आपल्याकडे सगळे असंच करतात. माझे वडील गेले तेव्हा मलाही शाळेवर निरोप आला होता, "तब्येत थोडी बरी नाही." मी एटापल्लीकडच्या शाळेवर होतो तेव्हा. सायकलनं, बसनं, पायी, सगळी वाट मी दवापाण्याचे विचार करत आलो. डॉक्टर कोणता गाठावा, चंद्रपूरला न्यावं की गडचिरोलीला. वडिलांशी काय बोलायचं ते जुळवत आलो. गावाच्या वेशीपाशी माणसं माझ्या वाटेतून बाजूला झाली तेव्हा कळलं. गावाला सकाळपासून ठाऊक होतं, मी एकटाच वाटभर जिवंत बापाकडे चाललो होतो. त्या माणसांवर मी रागावलो नाही. पण ती वाट मी विसरलो नाही.

म्हणून राजदीपला मी नाही म्हटलं. तुझ्या आईसाठी मी एक खोटं विमान उडवलं, ते तिनं ओळखलं आणि गोड मानून घेतलं. तुझ्यासाठी मला दुसरं उडवायचं नाही.

आता जे झालं ते सांगतो, जसं झालं तसंच.

सकाळी तू बेंगळुरूच्या विमानतळावरून फोन केलास तेव्हा ज्योत्स्नानं तो आईच्या कानाला लावला. मागे बाई बोलत होती, मोठ्या भोंग्यावर, इंग्रजीत आणि हिंदीत. आईनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "खरंच हाये." मग तुला जे म्हणाली ते तू ऐकलंसच. "खिडकीजवळ बसजो. काही खाल्लं का?" तू "हो" म्हणालीस. ती फोन ज्योत्स्नाला देताना म्हणाली, "खोटं बोलून राह्यली. नाई खाल्लं तिनं." तुझं खरं तूच जाणे.

त्यानंतर तुझा निरोप आला, "बसले." मी स्टूल घेतलं. गुणाबाई दारात बसली होती, लटारू ओट्यावर. आज तो काही बोलला नाही. आई म्हणाली, "सांगा आता. आता खरं सांगा."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. इतके दिवस एक नदी एक दिवस पुरवली होती आणि आज तेच विमान माझ्या हातात राहीना. पेन्नेचं नाव घेतो न घेतो तोवर ती मागे गेली. तुंगभद्रा, जिला मी दोन दिवस दिले होते, ती आईनं चमचाभर पाणी प्यायलं तेवढ्यात पार झाली. कृष्णा लगेच. मी म्हटलं, "बायना, फार जोरात येत आहे गं." ती हसली. तिला बोलायला त्रास होत होता, म्हणून ती नुसतं "हूं" म्हणायची. मी म्हणायचो, "हैदराबाद मागे गेलं." ती म्हणायची, "हूं."

मी तिला सांगितलं की विमान आपल्याच अंगावरून, राजुऱ्याच्या पलीकडून उत्तरेला जाणार आणि नंदिनीला मग तेवढंच उलटं खाली यावं लागणार. यावर ती म्हणाली, "मंग इथीच उतरवा म्हणा ना." गुणाबाई तोंडाला पदर लावून हसली. तेच तिचं शेवटचं पूर्ण वाक्य.

गोदावरी आली असं मी सांगितलं. "हूं."

मग मी पैनगंगा सांगितली. आपली नदी जवळ आली म्हणून मी जरा रंगलो. कुठून निघते, वर्धेला कुठे मिळते. मग वर्धा सांगितली. वणीची बाजू, वरोऱ्याची बाजू, कोळशाच्या खाणी वरून काळ्या दिसत असतील, असं काहीबाही. तेव्हा ज्योत्स्नानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "काकाजी, थांबा."

आई कुठल्या नदीपर्यंत तुझ्यासोबत होती, हे मला सांगता येणार नाही. गोदावरीला तिनं हूं म्हटलं, ते मी ऐकलं. पैनगंगेला म्हटलं की नाही, ते मला माहीत नाही. मी बोलत होतो. हे एवढं मला तुझ्याजवळ मांडायचं होतं, कारण घरात माणसं भरली आहेत आणि सगळे म्हणतात, मास्तर, शांतपणे गेली, नशीब आहे. गेली शांतपणेच. पण ती गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहत नव्हतो, मी विमानाकडे पाहत होतो.

तिचा हात माझ्या हातात होता, तेही खरं आहे.

विहारातून माणसं आली आहेत. त्रिशरण, पंचशील झालं. पांढरी साडी तिनं स्वतःच काढून ठेवली होती, पेटीत सगळ्यात वर, ज्योत्स्नाला सांगून. आपल्या आळीत आज चूल पेटलेली नाही. सकाळी मोहफुलं वेचायला गेलेली माणसं टोपल्या तशाच ठेवून आली. रीत म्हणून काही जण म्हणत होते की सूर्य मावळायच्या आत माती होऊन जाऊ द्या, पोरीला तर विमानानं आली तरी अजून वेळ आहे. "पावणेदोन तासाचंच हाये म्हणत होते ना?" असं कुणीतरी मागून म्हणालं. ते तुझं अंतर मीच गावभर केलं होतं. विमानाचं अंतर म्हणजे घरापासून घरापर्यंतचं, अशी त्यांची समजूत, आणि ती माझ्यामुळेच झाली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, नंदिनी आल्याशिवाय उचलायचं नाही. उद्या सकाळी. माझा आवाज जरा चढला असावा, कारण गुणाबाई लगेच म्हणाली, "उद्याच. चूल काय, एक दिवस नाई पेटली तं मरत नाई कोनी. माह्या घरचेही उपाशीच हायेत, त्यायले मी पाहतो." लटारू उठून बर्फ आणायला मूलला गेला.

तेव्हा तुला घाई नाही. हे मी कसं लिहावं ते सुचत नव्हतं, पण हेच लिहायचं आहे. आता घाई नाही. बिरजूला जोरात हाकू देऊ नकोस. वरोऱ्याच्या पुढे एखाद्या ठिकाणी चहा घे, काहीतरी खा. तुझ्या आईला सकाळी जी खात्री होती ती मलाही आहे, तू काही खाल्लेलं नाहीस. रडायचं असेल तर गाडीतच रडून घे. घरी आल्यावर बायका तुझ्या गळ्यात पडतील, त्यांना आवरण्यातच तुझा वेळ जाईल, आणि तुझं रडणं तसंच राहून जाईल. मला ते माहीत आहे.

माझ्यावर राग असेल तर तोही घेऊन ये. तो मी काढून घेणार नाही.

मूलच्या बाजूनं येऊ नका, पुलाचं काम सुरू आहे. चंद्रपूरहून या. नागपूरहून घर साडेचार तास आहे, संध्याकाळी रस्त्यावर गुरं आली तर पाच. हे अंतर खरं आहे. यात मी एकही नदी जास्तीची घातलेली नाही.

तुझा
बाबा